कैलासवासी देणगीदार

मार्च संपला की आमच्या वसतिगृहाच्या ऑफिसात पंखा लावत नाहीत. टेबलावर, खुर्चीवर, खाली सतरंजीवरसुद्धा बिलं मांडलेली असतात. किराण्याची, गॅसची, दुधाची, नळदुरुस्तीची. पंखा लावला की वर्षभराचा क्रम मोडतो. त्यामुळं एप्रिलच्या उन्हात घाम पुसत, बिलांवर घाम पडणार नाही असं बसावं लागतं. मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गाव सिल्लोडच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत. माझे वडील, बापू, मेंढरं राखतात, आता मेंढरं थोडीच उरलीत म्हणून रोजंदारीलाही जातात. मी शिकू शकले ती या वसतिगृहामुळं. ते एका लहानशा संस्थेचं आहे. संस्थेचे सचिव निवृत्त शिक्षक. शहरात त्यांना सगळे सर म्हणतात, खेड्यात गुरुजी. एका सकाळी जेवणघरात उभं राहून त्यांनी विचारलं, "कॉमर्सच्या मुली कोण कोण?"

मी हात अर्धाच वर केला.

"नीट वर कर की. ओझं आहे का हाताला?"

मुली हसल्या. अशी मी ऑफिसात गेले.

तोपर्यंत मला वाटायचं, संस्था म्हणजे लोकांनी पैसे द्यायचे आणि सरांनी मुलांना जेवू घालायचं. यात वर्षअखेर कुठून आली? शहरात औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या वर सीए मॅडमचं ऑफिस आहे. आमचे हिशेब त्याच तपासतात. पहिल्याच दिवशी मी धीर करून त्यांना विचारलं, "मॅडम, आपली संस्था नफा कमवत नाही, तर मग एवढा हिशेब कशासाठी?"

मॅडम शहरातल्या छावणी भागात वाढलेल्या. बोलताना मराठी आणि हिंदी त्यांच्या तोंडात एकत्रच नांदतात. त्या म्हणाल्या, "बेटा, दुकानाला मालक असतो. त्याचा रुपया गेला तर तोच बोंबलतो. इथं मालकच नाही. मग बोंबलायचं कोणी? म्हणून हे ऑडिट. धर्मादाय कार्यालयाला दाखवायचं, इन्कम टॅक्सला दाखवायचं. जे आलं ते ज्या कामासाठी आलं त्याच कामाला लागलं, एवढंच सांगायचं. पण पुराव्यानं."

पुस्तकात मी घसारा, म्हणजे वापरानं वस्तूची दरवर्षी उतरत जाणारी किंमत, शिकले होते, पण आम्ही ज्या लोखंडी खाटांवर झोपतो त्यांचाही दरवर्षी घसारा काढतात हे तिथं कळलं. मला त्या कामाची गोडी लागली. पण खरं सांगायचं तर माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता.

वसतिगृहात मुलींच्या खोल्या थोड्या आहेत. वरच्या मजल्याचा नुसता सांगाडा उभा होता. भिंती, प्लास्टर, न्हाणीघर, सगळं बाकी होतं. त्यासाठी बँकेत पैसे बाजूला काढून ठेवले होते आणि जूनच्या आत मजला पुरा करायचा असं ठरलं होतं. त्या मजल्यावर येणाऱ्या मुलींच्या यादीत माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. तिची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. आमच्या गावात शाळा दहावीपर्यंतच. माझ्या मामाच्या मुलीला "पुढच्या वर्षी घालू" म्हणून घरी ठेवलं होतं, ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. बहीण रोज आईच्या फोनवरून विचारायची, "अक्का, भिंती झाल्या का?" मी म्हणायचे, होतील.

मग मॅडमनी पावतीपुस्तकं उघडली.

मी शेजारीच बसले होते. मॅडम एक पान उलटायच्या, थांबायच्या, दुसरं उलटायच्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"सर, ही सगळी माणसं कैलासवासी आहेत?"

"होय," सर म्हणाले.

"मग पैसे कोणी आणून दिले?"

"घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे?"

"मुलानं, भावानं, जावयानं. त्या वेळी जो पुढं आला त्यानं."

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. "वा! म्हणजे अर्धा जिल्हा कैलासातून तुम्हाला मनीऑर्डर पाठवतो."

सरांचा चेहरा उतरला. कारण ज्याची मॅडम थट्टा करत होत्या तेच सरांच्या आयुष्याचं मोठं काम होतं. आमच्या भागात माणूस गेला की तेराव्याला मोठी जेवणावळ घालतात. सर गावोगावी जाऊन सांगायचे, एक पंगत कमी करा आणि तेवढे पैसे पोरांच्या शिक्षणाला द्या. लोकांना ते पटलं होतं. तेराव्याच्या दिवशी चारचौघांत पैसे द्यायचे, सर तिथंच पावती लिहायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. पावती अर्थातच गेलेल्या माणसाच्या नावानं. देणारा आपलं नाव सांगत नसे. आईबापाच्या नावानं दान करायचं आणि पावतीवर स्वतःचं नाव घालायचं हे आमच्याकडं कुणाला सुचणारच नाही. मलाही त्या पावत्यांत काही चुकलंय असं वाटलं नव्हतं.

मॅडम आता हळू आवाजात बोलल्या. "काम सोन्यासारखं आहे, सर. मी नाही कुठं म्हणते? पण कायदा देणाऱ्याचं नाव आणि पत्ता मागतो. गेलेला माणूस देणगी देऊ शकत नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं हे पैसे कोणी दिले ते माहीतच नाही. असे निनावी पैसे एका मर्यादेपर्यंत चालतात. त्याच्या वर गेले की त्यातले तीस टक्के टॅक्समध्ये जातात."

"मजल्याच्या पैशातून?"

"दुसरे कुठले पैसे आहेत तुमच्याकडं? आकडा नक्की होईपर्यंत ठेकेदाराला हात लावू देऊ नका."

सर म्हणाले, "अहो, सगळे ओळखीचे आहेत. मी सांगतो, ही आत्ता लिहील एकेकाचं नाव. अक्षर चांगलं आहे तिचं."

"अक्षर चांगलं आहे म्हणूनच नको," मॅडम म्हणाल्या. "इथं बसून लिहिलेलं नाव मला चालणार नाही. ज्यानं दिले त्याचं पत्र आणा. मी अमुक गावचा, मी इतके दिले, यांच्या स्मरणार्थ दिले. खाली सही नाहीतर अंगठा. शेवटी सही मी करते, सर. मलाही झोप प्यारी आहे."

त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा मी भिंतींचं बोलले नाही. पेपर कसे गेले तेच पुन्हा विचारलं.

सर आणि मी एसटीनं निघालो. सरांच्या पिशवीत कोरे कागद, स्टॅम्पपॅड आणि काकडी. माझ्याकडं गावांप्रमाणं लावलेली यादी. मला वाटलं होतं, लोकांनी पैसे दिलेतच, सही द्यायला काय जातं? पहिल्याच गावात ते खोटं ठरलं.

"इन्कम टॅक्सवाले हायती का?" लिंबाखाली बसलेल्या एका काकांनी मला विचारलं.

"नाही काका, वसतिगृहातली आहे."

"मंग सही कशाला? पैसे दिले ते दिले, आन् वर गुन्हेगारावानी सही बी?"

सरांनी कायदा समजावून सांगितला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शब्दाभाईर न्हाई. पण मी बापाच्या नावानं दिलंय. त्यात माझं नाव घुसवलं तर त्याला पोचंल का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. याचं उत्तर मॅडमनी दिलं नव्हतं आणि माझ्या पुस्तकातही नव्हतं. मी घाबरतच म्हणाले, "काका, आपण दोन ओळी करू. वरच्या ओळीत देणाऱ्याचं नाव आणि गाव. खालच्या ओळीत, कुणाच्या आठवणीत दिले त्यांचं. जुनी पावती तुमच्याकडं आहे तशीच राहील. वसतिगृहाच्या हॉलमधल्या देणगीदारांच्या फळ्यावरही तुमच्या वडिलांचंच नाव राहील. तुमचं नाव फक्त ऑफिसातल्या वहीत."

काकांनी बोटानं हवेत दोन ओळी ओढल्या. "म्हंजी पुण्य त्याचं, पत्ता माझा."

"व्हय," मी म्हणाले.

"मंग असं बोल की बाई. मघाधरनं कायदा कायदा लावलंय."

पुढच्या प्रत्येक गावात सर तेच वाक्य म्हणायचे, पुण्य त्यांचं आणि पत्ता तुमचा. जणू ते त्यांनाच सुचलं होतं.  ते वाक्य माझंही नव्हतंच. लोक हसायचे आणि कागद पुढं ओढायचे. कुणी ताक द्यायचं, कुणी आंबे बांधून द्यायचं. एका घरी तर जावयानं सही केली, मग म्हणाला, "सासऱ्याला कळू देऊ नका, पैसे त्यांचेच होते, पण गावात मी माझे म्हणून सांगितलंय." तो कागद आम्ही तिथंच फाडला आणि सासऱ्याकडं गेलो. मॅडम ऑफिसात बसून नावं लिहू द्यायला का तयार नव्हत्या ते मला त्या घरी कळलं.

यादीतली सगळ्यात मोठी देणगी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिचा कागद मिळाला नसता तर बाकीचे सगळे कागद आणूनही मर्यादा ओलांडलीच असती. सर निर्धास्त होते. त्या तेराव्याला ते स्वतः हजर होते आणि थोरल्या मुलाच्या हातून त्यांनी स्वतः पैसे घेतले होते.

घर आमच्यासारख्याच मेंढपाळांचं. अंगण एकच, पण मधून विटांची कमरेएवढी भिंत घातलेली. इकडं थोरला, तिकडं धाकटा. ओसरीवर त्यांची म्हातारी आई लोकर निवडत बसली होती. थोरल्यानं पेन हातात घेतला तेवढ्यात धाकटा भिंत ओलांडून आला.

"कशाची सही घेताय गुरुजी?"

सरांनी सांगितलं.

"मंग माझी बी घ्या. त्यात निम्मे माझे."

"तुझे कुठून आले?" थोरला म्हणाला. "मी दिले गुरुजींच्या हातात. साऱ्या गावानं बघितलं."

"हातात तू दिले. हात तुझा, म्हून पैसे बी तुझेच का?"

"तू तर त्या दिवशी पंगतीत बी दिसला नाय."

"मी वाढत हुतो! तू खात हुता, तुला कसा दिसंन?"

मला हसू आलं, पण सरांकडं बघून गिळलं. तेवढ्यात म्हातारीनं लोकर बाजूला सारली.

"गुरुजी, पेन ठिवा खाली. ते पैसे ह्याचे बी न्हाईत आन् त्याचे बी न्हाईत."

 थोरल्यानं मान खाली घातली.

"मालक गेल्यावर मेंढरं ह्या दोघांनी वाटून घेतली. माझ्या वाट्याला शेळ्या आल्या. त्या इकल्या मी. ह्याला म्हनलं, तू दे तुझ्या हातानं, चारचौघांत बरं दिसंल."

सर म्हणाले, "मग आजी, कागद तुमच्याच नावाचा करू."

"न्हाय."

"आजी, नुसता अंगठा..."

"न्हाय म्हनलं ना. शेळ्या इकून म्हातारीनं दिले आन् पोरांनी काय न्हाई दिलं, असं गाव म्हनंल. माझ्या पोरांची मान खाली जाईल. राहू द्या. जाऊ द्या त्या सरकारला जायचे ते."

सरांनी समजावलं. वही कुणाला दाखवत नाहीत, फळ्यावर आजोबांचंच नाव आहे, सगळं सांगितलं. पुण्य आणि पत्त्याचं वाक्यही इथं चाललं नाही. म्हातारी पुन्हा लोकर निवडायला लागली होती. मी कागद घडी घालून पिशवीत ठेवत होते तेव्हा तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, "पोरी, तुझं काय अडलंय ह्यात? तुझा चेहरा का पडला?"

मला ते सांगायचं नव्हतं. आपल्या बहिणीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं, हे मला बरं वाटत नव्हतं. शिवाय संस्थेच्या कामात घरचं आणू नये असंही वाटायचं. पण खोटं बोलणं जमलं नाही. मी सांगितलं. वरचा मजला सांगितला, जून सांगितला, दहावीची परीक्षा सांगितली. 

"कोन्या गावची तू?"

मी गाव सांगितलं.

"तुझा आजा आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचा की!" म्हातारीनं आता पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "बहीन हुशार हाय का?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"तुझ्यापेक्षा म्हंजी किती ते मला काय ठावं," ती म्हणाली, आणि हसली. मग तिनं पोरांकडं बघितलं.

थोरलाच बोलला. "माय, दे अंगठा. माझी मान न्हाय खाली जात."

"गाव काय म्हनंल?"

"गावाला म्या सांगतो. आमच्या मायनं दिले म्हून सांगतो."

धाकटा म्हणाला, "आन् माझ्याकडं तर तसंबी कुणी मान वर करून बघत न्हाय."

म्हातारीनं त्याला हातातली लोकर फेकून मारली. पण अंगठा पुढं केला.

तरी काम झालं नव्हतं. कागदावर पूर्ण नाव हवं होतं आणि पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं. म्हातारीनं उभ्या आयुष्यात ते तोंडानं घेतलं नव्हतं. मी विचारलं, "आजी, आजोबांचं नाव?" ती म्हणाली, "पावतीवर लिवलंय की तुमच्या." मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं तर बरं, अक्षर चुकायला नको." तशी आतून नात धावत आली. "आज्जे, उखाण्यात घे! उखाण्यात घे!" दोन्ही सुना दारात येऊन उभ्या राहिल्या, भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची. म्हातारीनं पदर सारखा केला आणि लग्नातला उखाणा घेतला, तोही न अडखळता. तो मी इथं लिहीत नाही, कारण तो तिचा आहे. मी नाव लिहून घेतलं. अंगठ्याची शाई तिनं केसांना पुसली आणि सरांना म्हणाली, "गुरुजी, उन्हाचं जाऊ नगा, भाकर खाऊन जा." आम्ही जेवलो. भाकरी थोरल्याच्या घरची होती, आणि बेसन धाकट्या सुनेनं भिंतीवरून दिलं.

औरंगपुऱ्यात मॅडमनी एकेक पत्र वाचलं. म्हातारीच्या कागदाशी थांबून त्यांनी विचारलं, "अंगठ्याला साक्षीदार कोण?"

"दोघं मुलगे."

"दोघं एकाच कागदावर?"

"हो, मॅडम."

"ठीक आहे." त्यांनी तो कागद सगळ्यात वर ठेवला. काही घरं बंद होती, एक कुटुंब ऊसतोडीला गेलं होतं, एका घरात आता कुणीच राहत नव्हतं. त्या पावत्या निनावीच राहिल्या. मॅडमनी त्या वेगळ्या काढल्या, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, पुन्हा केली. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. मग त्या सरांना म्हणाल्या, "मर्यादेच्या आत आलं. टॅक्स लागत नाही. मजला बांधा. और सुनो, पुढच्या वर्षी पावतीपुस्तक दोन ओळींचं छापा, नाहीतर मी येणार नाही."

सर खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. जिन्यातून खाली येताना मला म्हणाले, "घरी फोन कर." मी दुकानाच्या पायरीवर बसून फोन केला. आईनं उचलला, बहीण शेरडांमागं गेली होती. आईला मी एवढंच म्हणाले, "तिचं जमलं." आईनं ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "गुरुजींना म्हनाव, देव तुमचं भलं करो." मी सरांना तसं सांगितलं, पण माझ्या तोंडून ते नीट आलं नाही. मॅडमना तर मी अजूनही धड धन्यवाद म्हणू शकलेले नाही. त्या दिवशी त्यांनी सरांचं ऐकून मला तिथंच बसून नावं लिहू दिली असती, तर कदाचित पैसे तेवढेच वाचले असते. पण मग ते मी दुसऱ्याच्या नावानं खोटं लिहून वाचवले असते, आणि बहीण आली त्या दिवशी मला तिच्याकडं मोकळेपणानं बघता आलं नसतं.

ती आली तेव्हा वरच्या भिंती अजून ओल्या होत्या. पत्र्याची पेटी आणि तीळ-गुळाचे लाडू घेऊन बापू तिला सोडायला आले होते. तिसऱ्याच दिवशी ती रडत माझ्याकडं आली, "अक्का, मला घरी जायचंय." मला एवढा राग आला की मी तिला हाताला धरून वर नेलं आणि तिच्या खोलीत तिच्यापाशी बसले. आलेला राग बसल्याबसल्या निघून गेला. ती झोपली, मी खाली आले.

आता तिला वर्ष होत आलं. ती रडत नाही, पण कुरकुर मात्र रोज करते. वरच्या मजल्यावर लई उकडतं, पाणी चढत नाही, समोरच्या खोलीतल्या पोरी मोठ्यानं वाचतात. मी खाली ऑफिसात बिनपंख्याची बिलं लावत बसलेली असते, आणि ती दारात उभी राहून हे सगळं मला ऐकवते. मी तिला गप्प बस म्हणत नाही. म्हणू दे तिला काय म्हणायचं ते.